चिमूटभर बांगडा

चव एका झटक्यात जात नसे. आधी मीठ जाई. मग कोकमाचा आंबटपणा, मग ओल्या खोबऱ्याची गोडी, आणि सगळ्यात शेवटी मासा. त्यानंतर तोंडात जे उरे ते नुसतंच मऊ आणि कोमट असे. देवश्री तेवढा घास चावून गिळायची, ताटातला उरलेला तुकडा कडेला सारायची आणि पाण्याच्या छोट्या पेल्यात किती शिल्लक आहे ते बघायची.

"कुलूप लागलां काय गो?" सासूबाई विचारायच्या.

"लागलं."

"मगे उठ. उगीच भात कित्याक चिवडतस?"

घरात त्या यंत्राला सगळे कुलूपच म्हणत. हॉस्पिटलातल्या पुस्तिकेत त्याचं नाव रुचिनियामक असं छापलेलं होतं, पण एवढं लांबलचक नाव वेंगुर्ल्यात कोण घेणार? पहिल्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे रेश्माआईंनी, ते बाजूला टाकलं. त्या साठीच्या होत्या. बायकांच्या गटाची खाडीतली सफरीची होडी त्या चालवत, पर्यटकांशी तीन भाषांत बोलत आणि घरात फक्त मालवणीत.

दुखणं देवश्रीला मुलीच्या, तोयाच्या, वेळी लागलं. म्हणजे आतून ते आधीपासूनच असणार, पण कळलं तेव्हा. बाळंतपण होऊन गेलं तरी पायांची सूज उतरेना. तपासण्या झाल्या, मूत्रपिंडाचा कण काढून बघितला, आणि पणजीच्या डॉक्टर अस्नोडकरांनी सांगितलं की तिची दोन्ही मूत्रपिंडं मिळून जेमतेम पाचव्या हिश्शाचं काम करताहेत. ते हळू आवाजात बोलत. इतक्या हळू, की पेशंटला पुढे झुकूनच ऐकावं लागे.

"मासे बंद करा असं मी सांगणार नाही," ते म्हणाले होते. "आपल्याकडच्या माणसाला तसं सांगितलं की तो माझ्यासमोर मान डोलावतो आणि घरी जाऊन सुकट भाजतो. मासा वाईट नाही. तो कोणता, किती आणि कसा केलेला, एवढंच बघायचं."

मग त्यांनी नीट समजावलं. माशातलं प्रथिन चांगलं असतं, पण त्याच्यासोबत फॉस्फरस येतो. धडधाकट मूत्रपिंड जास्तीचा फॉस्फरस लघवीवाटे टाकून देतं. थकलेल्याला ते जमत नाही. तो रक्तात साठतो, हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतो आणि रक्तवाहिन्यांना आतून चुना लावल्यासारखं कडक करून ठेवतो. पोटॅशियमचंही तसंच, फक्त ते इतका वेळ थांबत नाही, थेट हृदयाच्या ठोक्यांनाच हात घालतं. म्हणून मासा ताजा हवा. काट्यांसकट चावून खायचे बारीक मासे नकोत, कारण फॉस्फरस काट्यांत जास्त. सुकं तर नकोच, ते निम्मं मीठच असतं. दुकानातली पांढरीशुभ्र गोठवलेली तुकड्यांची पाकिटंही नकोत. मासा पाणी धरून राहावा, वजनदार दिसावा म्हणून ती बहुतेक वेळा फॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेली असतात, आणि तसला वरून घातलेला फॉस्फरस शरीर जवळजवळ सगळा शोषून घेतं. तळहाताएवढा ताजा तुकडा, आमटी निथळून. बस.

देवश्री बी. फार्म. होती. घराला लागूनच तिचं औषधांचं दुकान होतं. हे सगळं तिला आधीही अर्धंमुर्धं माहीत होतं, आता पूर्ण कळलं. पण कळणं वेगळं आणि हर्णैच्या बंदरात वाढलेली जीभ वेगळी. तिने सहा-सात महिने काटेकोर पाळलं. मग एका दुपारी तोया झोपलेली असताना तिने वाटीभर सुका जवळा भाजला, त्यात कांदा, खोबरं आणि कोकमाचं आगळ घातलं आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ला. आणखी एक वाटी खाल्ली. संध्याकाळी छातीत पाकोळी अडकल्यासारखं व्हायला लागलं. नवरा साईराज तिला गाडीत घालून पणजीला घेऊन गेला, तेव्हा तोया आजीच्या कडेवर होती आणि आईकडे हात करत होती. ते हात देवश्रीला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिले.

म्हणून कुलुपाला तिने लगेच हो म्हटलं.

त्याचे दोन भाग होते. एक दंडात, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढा. तो रक्तातले आकडे वाचायचा. दुसरा कानाच्या खाली, जबड्याच्या आत, जिथे चवीची नस जिभेच्या संवेदनेच्या नसेला येऊन मिळते तिथे. तिथून तो अतिशय वेगवान, अतिशय सौम्य वीज सोडायचा आणि नस गप्प व्हायची. कापायचं काही नव्हतं. वीज थांबली की नस पुन्हा जागी. आता खाल्लेल्याचा परिणाम रक्तात उतरायला वेळ लागतो, तोवर माणूस भरपूर खाऊन बसलेला असतो. म्हणून जेवायला बसताना ताटाचा फोटो काढायचा. ताटात काय आहे ते यंत्राला फोटोवरून कळे, किती खाल्लं ते जबड्याच्या हालचालीवरून, आणि कालचं किती अंगात उरलंय ते दंडातल्या दाण्यावरून. दिवसाचा वाटा पुरा झाला की चव विझायची ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

"भूक मारत नाही हे," डॉक्टर म्हणाले होते. "फक्त आणखी खाण्यात काही राम राहत नाही. दोन नसा शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे तिखटही थोडं कमी लागेल. चालेल ना?"

"चालेल की," देवश्री तेव्हा म्हणाली होती. "सासरचं तिखट आता तरी सोसेल."

तिघंही हसली होती. ती, साई आणि डॉक्टर.

यंत्राने आपलं काम चोख केलं. आकडे जे खाली आले ते खालीच राहिले. तिच्याच पेशींपासून वाढवलेलं मूत्रपिंड मिळायच्या रांगेत तिचं नाव लागलं होतं. आकडे असेच राहिले तर डायलिसिसवर न जाता तिथवर पोचाल, तोया तेव्हा चांगली चौथी-पाचवीत असेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. साईने त्या दिवशी पणजीहून येताना गाडीत गाणी लावली होती.

हळूहळू हवंसं वाटणंच गेलं. आधी दुपार झाली की तिचा जीव ताटाकडे ओढ घ्यायचा. नंतर दुपार झाली की नुसती दुपार व्हायची. बंदरावरून पाटी घेऊन येणाऱ्या बायका दुकानासमोरून जायच्या, वास यायचा, हा सुरमईचा, हा कोळंबीचा, एवढं तिला कळायचं. रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात तसं. साईशी ती पूर्वी भांडायची, ओल्या टॉवेलवरून, होड्यांची यंत्रं दुरुस्त करताना तो जेवायची वेळ विसरतो यावरून. ते भांडणही राहिलं नाही. तिने फोनवर डॉक्टरांना विचारलं, याचा मनावर काही परिणाम होतो का. यंत्र मनापर्यंत पोचतच नाही, असं ते म्हणाले. ते खरंच असणार. तिने फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला गोळ्या काढून दिल्या.

तोया मात्र बघत असायची. साडेचार वर्षांची पोर, पण नजर आईची. जेवताना समोर बसून ती आईच्या तोंडाकडे टक लावायची.

"आई, तुला मासा आवडत नाही?"

"आवडतो."

"मग तोंड असं का?"

"कसं?"

तोयाने गाल सैल सोडले, डोळे थिजवले आणि शेळीसारखं संथ चावून दाखवलं. साईला ठसका लागला. रेश्माआई म्हणाल्या, "गप गो, आवशीची नक्कल करतस," आणि स्वतःच तोंडाला पदर लावला. देवश्रीही हसली. पण त्यानंतर तोया तशीच जेवायला लागली. माशाचा घास दिला की गालात धरून बसायची. नको, ढेकर आला, पोटात दुखतंय. रोज नवीन कारण.

एक गोष्ट मात्र देवश्रीने यंत्र बसल्यावरही सोडली नव्हती. तिच्या माहेरी आणि इथेही, लहान पोराला माशाचा घास देण्याआधी देणारी बाई त्यातली चिमूट आपल्या जिभेवर ठेवत असे. ओठांना काटा लागतो का, मीठ किती, आणि मुख्य म्हणजे जीभ चुरचुरते का. बांगड्याचं हे विशेष. तो उन्हात पडून राहिला आणि नंतर कितीही बर्फात घातला तरी डोळे चकचकीत, कल्ले लाल, वास ठीक. पण जिभेवर ठेवला की मिरपूड लागल्यासारखी चुरचूर. तशी चुरचूर लागली की मासा सरळ मांजराच्याही आवाक्याबाहेर टाकायचा. हर्णैला तिच्या आईने हे कधी शिकवलं नव्हतं, नुसतं रोज केलं होतं. देवश्रीही रोज करायची. कुलूप उघडं असलं तरी आणि लागलेलं असलं तरी.

तो गुरुवार होता. दुपारी तिने पापलेटाचा तुकडा खाल्ला, अगदी शेवटपर्यंत, आणि चव विझली. संध्याकाळी साई एका दोस्ताच्या होडीचं इंजिन लावून आला तो चार बांगडे घेऊन. पिशवीवर ताजेपणाचा ठिपका चिकटवलेला होता, हिरवागार. रेश्माआई होडीवर होत्या, त्यांच्याकडे पुण्याची मोठी पार्टी होती. देवश्रीने बांगड्यांचं तिरफळ घालून तिखलं केलं, तोयासाठी एक बाजूला काढून नुसत्या हळद-मिठात शिजवला. साईने ताट घेतलं नाही, त्याला आणखी एका होडीवर जायचं होतं.

तिने बांगडा उघडला, कणा उचलून काढला, बोटांनी काटे चाचपले. चिमूट जिभेवर ठेवली. मऊ, कोमट. काटा नाही. घास करून तोयाच्या तोंडात दिला.

तोयाने तो गालात धरला. मग म्हणाली, "चुरचुरतंय."

"तिखट घातलंच नाहीये."

"तोंडात चुरचुरतंय, आई."

"काटा आहे का? आ कर." तिने बोट घालून बघितलं. काटा नव्हता. तिने ताटातली आणखी एक चिमूट घेतली, मोठी, आणि पोरीच्या समोर जिभेवर ठेवून चावली. नीट, सावकाश, अगदी लक्ष देऊन. "बघ. मीपण खाल्लं. काही नाही होत."

तोयाने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि घास गिळला.

"शहाणी. अजून एक."

"नको."

"शेवटचा."

तो शेवटचा झाला आणि आणखी एक शेवटचाही. ताट घासायला ठेवून ती वळली तेव्हा तोयाचा चेहरा ओठांपासून कानांपर्यंत लाल झालेला होता. उन्हात भाजून निघाल्यासारखा. मानेवर गांधी उठत होत्या, बघताबघता एकमेकींना मिळत होत्या. पोरीने पोट धरलं आणि भडभडून ओकली. मग श्वास घेताना तिच्या छातीतून बारीक शिटी ऐकू आली.

देवश्री घाबरली नाही. हे तिला नंतर सगळ्यात विचित्र वाटलं. ती दुकानात गेली, ॲलर्जीचं औषध उचललं, पोरीच्या वजनाचा हिशोब मनात केला, चमच्याने पाजलं, तिला खांद्यावर टाकलं आणि रिक्षा थांबवली. डॉक्टरकडे जाताना ती तोयाची पाठ चोळत होती आणि तोंडाने, झालं, झालं, असं म्हणत होती. हात आपलं काम करत होते. बाकी सगळं कुठेतरी लांब होतं, काचेपलीकडे.

दवाखान्यातल्या डॉक्टर मुलीने इंजेक्शन दिलं, नाकाला वाफ लावली. "काय खाल्लं?"

"बांगडा."

"तुम्ही खाल्लात? तुम्हाला चव वेगळी नाही लागली? असा मासा जिभेला लगेच कळतो."

देवश्रीने केस बाजूला करून कानाखालचा व्रण दाखवला. डॉक्टर मुलीने तो बघितला आणि ती तोयाच्या नाकावरची वाफ नीट करायला वळली.

बाकावर बसून देवश्रीने सगळं मनात लावून बघितलं, परीक्षेतल्या उत्तरासारखं. बांगड्याच्या लाल मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत शरीर जे सोडतं तेच हे, फक्त इथे बाहेरून आलेलं. शिजवून ते जात नाही, बर्फाने जात नाही. पिशवीवरचा ठिपका कुजण्याच्या वासाचे वायू ओळखतो. हिस्टामिनला वास नसतो. ते ओळखायला घरात एकच उपकरण होतं आणि त्याला दुपारीच कुलूप लागलेलं होतं. सगळे मुद्दे बरोबर होते. त्यात एकच मुद्दा सुटत होता, की पोरीने दोनदा सांगितलं होतं.

साई धावत आला तेव्हा तोया झोपली होती, चेहऱ्याची लाली ओसरत आलेली होती. तो पायरीवरच बसला. "दुपारी त्या दोस्ताच्या होडीतला बर्फ संपला होता म्हणे. बंदराला लागल्यावर नवा घातला. मला आत्ता बोलला. मी विचारायला हवं होतं."

"ठिपका हिरवाच होता," देवश्री म्हणाली.

रेश्माआई थेट घरी गेल्या होत्या. ही मंडळी परतली तेव्हा त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, पातेल्याचं झाकण हातात. त्यांनी तिखल्यातली चिमूट जिभेवर ठेवली आणि तत्क्षणी मोरीत थुंकली. नळाखाली बराच वेळ चूळ भरत राहिल्या.

"तुका कळाक नाय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

"नाही."

"तू चाखलंस?"

"दोनदा."

रेश्माआईंनी पातेलं उचललं आणि परसात खड्डा खणून सगळं पुरलं.

तोया दोन दिवसांत बरी झाली. अंगणात पळायला लागली, शाळेत जाऊन तिने आपण कशा लाल झालो होतो ते सगळ्यांना रंगवून सांगितलं. रविवारी घरात सौंदाळे आणले. रेश्माआईंनी स्वतः निवडून घेतले होते, फडफडीत. देवश्रीने काटे काढले, चिमूट जिभेवर ठेवली, घास केला आणि तोयाच्या तोंडाशी नेला.

तोयाने ओठ मिटले.

"आ कर."

"आजी, तू खाऊन बघ," तोया म्हणाली.

देवश्रीचा हात तसाच राहिला. रेश्माआईंनी सुनेकडे बघितलं, मग ताटातली चिमूट घेतली, चावली. "बरो आसा. गोड आसा." तोयाने आजीच्या तोंडाकडे निरखून बघितलं, आणि आजीपुढेच आ केला. आजीने भरवलं. देवश्रीने हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठली. साबण लावला. पुन्हा लावला.

पोर झोपल्यावर तिघं ओसरीवर बसली.

"ता काढून टाक," रेश्माआई म्हणाल्या. "नायतर सांजेचा तरी बंद करूक सांग त्या डॉक्टराक."

"तसं संध्याकाळपुरतं बंद होत नाही, आई. मी विचारलंय," साई म्हणाला. "काढायचं तर पूर्ण काढायचं. आणि देवू, मी स्पष्ट बोलतो. तोया ओकली, दोन दिवसांत बरी झाली. तुझं तसं नाही होणार. जवळा विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग?"

"मग काही नाही. मी कुठे काय म्हणतेय?"

"तेच तर. तू काहीच म्हणत नाहीस. पूर्वी एवढ्या वेळात तू मला चारदा ओरडली असतीस."

देवश्रीने त्याच्याकडे बघितलं. तो थकलेला दिसत होता, दाढी वाढली होती. आपल्याला याचं वाईट वाटायला हवं, असं तिला वाटलं.

"ह्यात भांडण कसला?" रेश्माआई म्हणाल्या. "मी चाखतंय ना. चेडवाक मी भरवतंय, तू सुखान जेव. झाला."

"तुम्ही होडीवर असता संध्याकाळी."

"तेव्हा तिका भात-वरण घाल. एक दिवस मासो नाय खाल्ल्यान तर मरत नाय कोण."

हे अगदी सरळ होतं. यात कुठेच चूक काढता येत नव्हती. देवश्रीने मान डोलावली. आत जाऊन ती तोयाच्या शेजारी आडवी झाली. पोरीचं तोंड झोपेत थोडं उघडं होतं. ही मोठी होईल, पण आईच्या हातचा घास आधी दुसऱ्या कुणीतरी चाखावा लागतो हे तिच्या लक्षात राहील. कुणी तिला शिकवणार नाही, पण राहील. आपल्याही लक्षात तसंच राहिलं होतं की.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात सुरमईचा, तिच्या आवडीच्या माशाचा, तुकडा होता. देवश्रीने फोटो काढला. दुधीची भाजी आणि भात खाल्ला. मासा तसाच ठेवून ती उठली.

"कुलूप लागलां?"

"लागलं."

रेश्माआईंनी तुकड्याकडे बघितलं. त्याचा कोपरासुद्धा मोडलेला नव्हता. त्यांनी ताट उचलून नेलं. पण तिसऱ्या दिवशीही तसंच झालं तेव्हा ताट उचलताना म्हणाल्या, "खोटां बोलाक तुका जमणां नाय."

देवश्री ओट्याला टेकून उभी राहिली. "वाटा संपला तरच कुलूप लागतं, आई. संपवलाच नाही तर रात्रीपर्यंत जीभ जागी राहते."

"म्हणजे तू खातलस कधी?"

"चाखेन."

"आणि चिमटीन तुझा पोट भरतला?"

"पोट भाताने भरतं."

रेश्माआई तिच्याकडे बघत राहिल्या. "तुझ्या जिवासाठी ता बसवलंस," त्या म्हणाल्या. "मासो खावक मिळूचो म्हणून."

"हो."

"आणि आता मासोच सोडतस."

"सोडत नाहीये. चिमूटभर खातेय ना."

दुसऱ्या दिवसापासून रेश्माआई तिच्या ताटात मासा वाढेनात. दुधी, कधी पडवळ, उकळून पाणी काढलेला बटाटा. त्याबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. साईला आकड्यांवरून कळलं. ते आणखी खाली आले होते. तो आधी खूश झाला, मग त्याला कारण समजलं.

पुढचे बरेच दिवस तोया आजीच्याच हातून मासा खात राहिली. देवश्री शेजारी बसायची, काटे काढून द्यायची. मग एका संध्याकाळी बंदरावर पुन्हा बांगडा आला. रेश्माआईंच्या होडीवर शाळेची सहल होती. बांगडा देवश्रीने स्वतः होडीवरून, बर्फाला हात लावून बघून आणला. या वेळी तिने हळद-मिठात कोकमाचं एक सोल आणि थोडं खोबऱ्याचं दूध घातलं.

तोया ताटासमोर बसली आणि दाराकडे बघायला लागली. "आजी कधी येणार?"

"उशिरा. वरण-भात कालवू का?"

तोयाने बांगड्याकडे बघितलं. नाक हललं. "आधी तू खा," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण विश्वासाने नव्हे. ती गुडघ्यांवर उभी राहिली आणि आईच्या तोंडाजवळ तोंड आणलं, डॉक्टर आणतात तसं.

देवश्रीने कण्यालगतची, लाल मांसाची चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली.

आधी मीठ आलं. मग कोकम, जबड्याच्या कोपऱ्यात झिणझिणत. मग खोबऱ्याची गोडी. आणि मग बांगडा, गच्च, तेलकट, हर्णैच्या धक्क्यासारखा. अख्खा दिवस जागी राहिलेली जीभ त्याच्यावर तुटून पडली. चुरचूर नव्हती. तिने शोधली, जिभेच्या शेंड्याला, कडांना, पुन्हा एकदा. नव्हती.

"तोंड हललं तुझं," तोया म्हणाली.

"हो का?"

"लागतंय?"

"लागतंय."

"कसं?"

देवश्रीने विचार केला. "मीठ जरासं जास्त झालंय."

तोयाने आणखी थोडा वेळ आईच्या चेहऱ्याची तपासणी केली. मग पाय पसरून खाली बसली आणि आ केला.

देवश्रीने घास दिला. तोया चावायला लागली, गालात न धरता. देवश्रीची बोटं पुन्हा बांगड्यावर गेली, चिमूट घेतली आणि नकळत स्वतःच्याच तोंडाकडे वळली. ओठांपाशी येऊन थांबली. केवढी ओढ होती ती. कुलूप बसायच्या आधीची, ओट्यापाशी उभं राहून दोन वाट्या जवळा खाल्लेल्या दुपारची. ती कुठे गेलेलीच नव्हती. ती ओढ आता देवश्रीला रोज अशीच येऊ द्यायची होती आणि रोज अशीच ओठांपाशी थांबवायची होती.

"आई, मला," तोया म्हणाली.

तिने ती चिमूट तोयाच्या तोंडात दिली. तिच्या स्वतःच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ते गिळून ती पुढचे काटे काढायला लागली.